दमदार पोहणाऱ्यांनो, श्वास कोंडू नका!

केळीचे पैसे हाती आले की आपल्याकडील तरुण मंडळी हल्ली मालवण-तारकर्लीची सहल काढतात आणि पाठीवर टाकी बांधून समुद्राचा तळ पाहून येतात. "आम्ही ताप्तीत पोहणारे, आम्हांला काय शिकवायचे?" असे त्यांच्यातील एकदोघे आमच्याजवळ बोलले. नेमकी त्याचीच आम्हांला काळजी वाटते.

विहिरीत बुडी मारणारा वर श्वास घेतो व तो कोंडून खाली जातो. ती हवा खाली दबते आणि वर येताना पुन्हा पहिल्याइतकीच होते. अपाय होत नाही. टाकीचे तसे नाही. (टाकीत निव्वळ ऑक्सिजन असतो, हा समज चुकीचा, साधारणपणे आपली नेहमीचीच हवा दाबून भरलेली असते.) 33 फुटांखाली दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तेथे छातीभर श्वास घेऊन तो कोंडून वर आले, तर तीच हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकते. गावात ज्या दमाची वाहवा होते, तोच येथे घात करतो.

म्हणून शिक्षण हवे. अमेरिकेत 1966 साली निघालेल्या 'पॅडी' संस्थेच्या पहिल्या अभ्यासक्रमात 200 मीटर पोहणे, दहा मिनिटे तरंगणे, तलावातील सराव आणि मग चार बुड्या असतात. त्यानंतर 18 मीटर, म्हणजे सुमारे 60 फुटांपर्यंतचे कार्ड मिळते. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची अशी शिकवणारी संस्था आहे. सहलीतली बुडी निराळी. ती प्रशिक्षकाच्या हाती असते. तिचा फोटो मिळतो, कार्ड नव्हे.

या कार्डाची मुदत संपत नाही. हाताची सवय मात्र जाते. सहा महिने-वर्षभर खंड पडला, तर मास्कमधले पाणी काढणे, तोंडातून सुटलेली नळी पुन्हा धरणे, सोबत्याच्या टाकीवर श्वास घेणे, याची प्रशिक्षकापाशी उजळणी करावी. शिकवणाऱ्यांना मात्र दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. तेव्हा पैसे मोजण्याआधी त्यांचे यंदाचे नूतनीकरण पाहावे. फवारणीचे औषध घेताना आपण तारीख पाहतोच की!

दमा, फिट, हृदयविकार किंवा कानाचे दुखणे असेल, तर अर्जात खरे लिहावे आणि डॉक्टरांना आधी विचारावे. सर्दी असताना बुडी नकोच.

आणि कार्ड मिळाले, तरी विहिरीतला फुटव्हॉल्व्ह काढायला टाकी बांधून उतरू नये. गाळ ढवळला की स्वतःचा हात दिसत नाही, दोर व वायर पायात अडकतात. ते काम या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.