पोरगं सांगत नाही, तपासणी सांगते



उसाचे पान पिवळे पडले की आपण लगेच गट ऑफिस गाठतो. "साहेब, केवडा पडलाय, काय फवारू?" असे विचारतो. पण घरातल्या पोराला लांबचे दिसत नाही, हे वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही. कारण साधे आहे. ज्याने पहिल्यापासून अंधुकच पाहिले, त्याला वाटते सगळ्यांना असेच दिसते. मग ते तक्रार करणार कशी? आपण मात्र "अभ्यासात ढ आहे" असा शिक्का मारून मोकळे होतो.

काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. पोरगे टीव्हीला नाक लावून बसते, डोळे बारीक करून बघते, मान वाकडी करते, फळ्यावरचे न बघता शेजाऱ्याच्या वहीतून उतरवते, सारखे डोळे चोळते. एक डोळा तिरळा असेल तर "भाग्याचा आहे" म्हणून गप्प बसू नये. आणि बुबुळाच्या मध्यभागी पांढरे दिसले, तर शिबिराची वाट न बघता त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

उसाला लागणीनंतरचे पहिले तीन-चार महिने तणाने खाल्ले, तर पुढे कितीही खत टाकले तरी टनेज भरून येत नाही. डोळ्याचेही तसेच आहे. एका डोळ्याला नंबर असून चष्मा मिळाला नाही, की मेंदू त्या डोळ्याकडून काम घेणेच सोडतो. याला आळशी डोळा म्हणतात. लहानपणी चष्मा देऊन आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधून तो कामाला लावता येतो. सात-आठ वर्षांच्या आत हे केले तर गुण चांगला येतो, पुढे तो कमी होत जातो. मोठेपणी नुसता चष्मा लावून ती नजर पुरी परत येत नाही. म्हणून "मोठा झाल्यावर बघू" हे चालणार नाही.

या कामाला खिशातून पैसा काढावा लागत नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्यात शाळकरी मुलांना चष्मा मोफत देण्याची तरतूद आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचे फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत यावे, अशी रचना आहे. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. नजर तपासताना मुलाला तक्त्यापासून सहा मीटर, म्हणजे सुमारे वीस फुटांवर उभे करतात आणि एकेक डोळा झाकून बघतात. अक्षरओळख नसलेल्या मुलासाठी वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या आकृत्यांचा तक्ता असतो. त्याने फक्त हाताने दिशा दाखवायची. पाच-दहा मिनिटांचे काम.

पण या व्यवस्थेतून एक पोर हमखास निसटते. ते म्हणजे आपला ऊस तोडणाऱ्या टोळीतले. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडची कुटुंबे पोराबाळांसह आपल्या तळावर येतात. गावाकडच्या शाळेत पथक येते तेव्हा पोर इथे कोपीत असते. इथल्या शाळेच्या पटावर त्याचे नाव नाही, म्हणून इथेही ते राहून जाते. दोन्हीकडे तपासणी झाली, आणि पोर तसेच राहिले. असे चार-पाच हंगाम गेले की वरचे ते वयही निघून गेले. आपला ऊस वेळेत गाळपाला जावा म्हणून जे कुटुंब घर सोडते, त्याच्या पोराची नजर आपल्या शिवारात वाया जाऊ नये, एवढे तर आपण बघू शकतो.

तेव्हा तीन गोष्टी कराव्यात. पहिली, शाळेत किंवा अंगणवाडीत तपासणी असेल त्या दिवशी पोराला रानात नेऊ नये. दुसरी, आपल्या फडात टोळी आली की तळावर मुले किती, हे मुकादमाला विचारून चिटबॉयकडे किंवा गट ऑफिसात कळवावे. ती नावे प्राथमिक आरोग्य केंद्राला, अंगणवाडीला आणि जवळच्या शाळेला देता येतील. तिसरी, चष्मा लागला तर तो वापरू द्यावा. "चष्म्याने नंबर वाढतो" हा गैरसमज आहे. "पोरीला चष्मा लागला तर लग्न कसं जमायचं?" असेही कानावर येते. त्या माउलीला एवढेच सांगावे, की पोरीला आधी नीट दिसू दे. शिकली, पायावर उभी राहिली, की चष्म्याचे कोणी विचारत नाही.

उसाची नोंद आपण तारखेवार ठेवतो. त्याच वहीत घरातल्या प्रत्येक मुलाचे नाव आणि डोळे तपासल्याची तारीख लिहून ठेवावी, ही सर्व सभासदांना विनंती.

— ऊसविकास अधिकारी