बंगळुरू पाहायचे तर पेठेपासून

महाराष्ट्रातून बंगळुरूला येणाऱ्या पाहुण्यांची यादी बहुधा ठरलेली असते: लालबाग, कब्बन पार्क, विधानसौध, एम. जी. रोडवरची खरेदी, आणि मुलगा-सून नोकरीला असतील तर व्हाइटफील्डकडच्या काचेच्या इमारती. यादीतले काहीच टाकाऊ नाही. पण तेवढेच पाहून परतलेल्या माणसाला हे शहर इंग्रजांनी वसवले आणि संगणकाने मोठे केले असे वाटते, आणि ते खरे नाही. विधानसौध 1956चा, कब्बन पार्क 1870चा. एम. जी. रोड ज्या लष्करी छावणीतला, ती छावणी 1809ची. केंपेगौडांनी मातीचा कोट घालून पेठ वसवली ती 1537मध्ये. म्हणून पहिला दिवस पेठेला द्यावा, बागा आणि छावणी नंतर. हा क्रम पाळला तरच पुढचे शहर का आणि कसे वाढले ते उलगडते.

पुण्याच्या पेठांना वारांची नावे आहेत, इथल्या पेठांना धंद्यांची. अक्किपेट तांदळाची, बळेपेट बांगड्यांची, कुंभारपेट कुंभारांची, गाणिगरपेट तेल्यांची. सगळे धंदे आज त्या त्या जागी उरलेले नाहीत, पण बाजार हलला नाही. चिकपेटेत रस्ता इतका अरुंद की हातगाडी आणि टेम्पो समोरासमोर आले की दोन्हीकडचे गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर चढते. आत पांढऱ्या गादीवर रेशमी साड्यांच्या घड्या उलगडत असतात. जवळच के. आर. मार्केटमध्ये सकाळी शेवंती आणि मोगऱ्याचे ढीग लागतात; सुटी फुले वजनावर, गुंफलेली माळ हाताने मोजून. याच मार्केटच्या परिसरात 1905मध्ये रस्त्यावर विजेचे दिवे लागले, शिवनसमुद्रच्या धबधब्यावर तयार झालेल्या विजेवर. नवी सोय आधी बाजारात आली, याचे आश्चर्य वाटू नये. हे शहर पोसले ते बाजाराने.

राज्यकर्त्यांनाही ते ठाऊक होते. 1638मध्ये विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याने बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. 1640च्या सुमारास जिजाबाई आणि बालशिवाजी काही काळ इथे होते. पुढे सूत्रे व्यंकोजींकडे गेली. 1687मध्ये मोगलांनी शहर घेतले आणि थोड्याच काळात म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांच्या हवाली केले. या सौद्याची रक्कम तीन लाख रुपये सांगितली जाते. मातीच्या कोटासाठी एवढा पैसा कोणी मोजत नाही, तो पेठेच्या उत्पन्नासाठी मोजला जातो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मराठी माणूस जाईल तिथे आपल्या खुणा शोधतो. बंगळुरू केंपेगौडांचे, कन्नड लोकांचे. अगदी खरे. शहाजीराजे इथे आदिलशाहीचे जहागीरदार होते, भोसल्यांचा अंमल जेमतेम अर्धशतकाचा, आणि त्यांचा वाडा आज दाखवता येत नाही. पण खूण शोधणे म्हणजे हक्क सांगणे नव्हे. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळाजवळ 1669चा शिलालेख आहे, त्यात व्यंकोजींनी देवाला गाव दिल्याची नोंद आहे. शहाजीराजांच्या पदरचा कवी जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचले, त्यात संस्कृतच्या जोडीला अनेक भाषांतली कवने आहेत. इथली बहुभाषिकता कंपन्यांबरोबर आली, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दुसरा आक्षेप सोयीचा: पेठेत गर्दी, धूळ आणि गोंगाट, चार दिवसांच्या सुट्टीत तिथे कशाला जायचे? म्हाताऱ्या माणसांना दुपारी त्रास होईल हे कबूल. त्यांनी सकाळी लवकर जावे. पण उरलेले शहर पेठेशिवाय नीट कळत नाही. 1898च्या प्लेगमध्ये पेठेतली दाटी जीवघेणी ठरली, म्हणून मल्लेश्वरम आणि बसवनगुडी आखली गेली. पेठ आणि छावणी यांचा कारभार 1949पर्यंत वेगळा होता, आणि दोहोंच्या मधे कब्बन पार्क. कोल्हापूर-बेळगावची एस.टी. जिथे थांबते ते मॅजेस्टिकचे बसस्थानक धर्मांबुधी तलावाच्या जागेवर उभे आहे. पेठेला पाणी पुरवणारा तो तलाव होता. आजच्या पाणीटंचाईची चर्चा करताना ही जागा डोळ्यांसमोर हवी.

फिरणेही अवघड राहिलेले नाही. मेट्रोच्या हिरव्या मार्गावर मंत्री स्क्वेअर संपिगे रोड स्थानकावरून काडु मल्लेश्वर गाठता येते. तिथून त्याच मार्गाने मॅजेस्टिक, चिकपेट, के. आर. मार्केट आणि पुढे लालबाग. मार्केटपासून चालत हैदरअलीने 1761मध्ये दगडात बांधलेल्या किल्ल्याचा उरलेला दरवाजा आणि टिपूचा लाकडी खांबांचा वाडा होतो. लालबागेत 1889च्या काचघराआधी खडकावर चढावे. तिथल्या केंपेगौडांच्या बुरुजाजवळून शहर केवढे पसरले ते दिसते. फक्त रविवार टाळावा, चिकपेटेतली बरीच घाऊक दुकाने त्या दिवशी बंद असतात.