‘लॉ अँड ऑर्डर’ : आपल्या मंडळींच्या कोर्टात

अमेरिकेतल्या मराठी घरात सगळ्या पिढ्या एकत्र बसून बघतील असे टी.व्ही.चे कार्यक्रम थोडेच. मुलांना जे आवडतं ते आजी-आजोबांना पाहवत नाही, आणि भारतातल्या मालिका लागल्या की मुलं आपापल्या खोलीत पसार होतात. याला एक सन्माननीय अपवाद म्हणजे ‘लॉ अँड ऑर्डर’. काळ्या पडद्यावर पत्ता उमटतो, ते प्रसिद्ध ‘डन-डन’ वाजतं, आणि पोळ्या लाटणारा माणूससुद्धा मान वळवून बघतो.

डिक वुल्फ यांची ही मालिका १३ सप्टेंबर १९९० रोजी एनबीसीवर सुरू झाली. वीस सीझन आणि ४५६ भाग झाल्यावर २०१० मध्ये ती बंद पडली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. १९९९ साली निघालेलं तिचं भावंड ‘एसव्हीयू’ तर वयाने आईच्याही पुढे गेलं. आमच्यासारखे पुष्कळ जण एम.एस.ला आले तेव्हा केबलवर दिवसभर तिचे जुने भाग चालू असायचे. अमेरिकन इंग्रजी आणि अमेरिकन कायदा, दोन्हींची आमची शिकवणी तिथेच झाली म्हणा ना!

गेल्या काही महिन्यांत मंडळाच्या कार्यक्रमांत, पॉटलकला आणि शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये मी ओळखीच्या मंडळींना विचारत सुटलो, की तुम्हाला ही मालिका का आवडते, किंवा का आवडत नाही? उत्तरं मजेदार मिळाली.

ज्येष्ठ मंडळींचं पहिलं प्रशस्तिपत्रक : “एका भागात निकाल लागतो हो! आपल्याकडे जन्म जातो.” लेनी ब्रिस्कोवर सगळ्यांचाच जीव. जेरी ऑर्बाक यांनी बारा वर्षं रंगवलेला हा थकलेला, खवचट पण मनाने चांगला पोलीस एका काकूंना त्यांच्या दादरच्या मामांसारखा वाटतो. २००४ च्या डिसेंबरमध्ये ऑर्बाक गेले तेव्हा त्यांना घरातलं माणूस गेल्यासारखं झालं होतं. बायकांची पसंती लेफ्टनंट व्हॅन ब्युरेनला. १९९३ साली ही बाई पोलिसांच्या त्या पुरुषी जगात साहेब म्हणून आली आणि २०१० पर्यंत हलली नाही! कॉलेजात जाणाऱ्या मुलांचं मत मात्र कडक. त्यांच्या मते या मालिकेत पोलीस फारच सज्जन आहेत आणि आरोपीचा वकील नेहमीच लबाड.

मला स्वतःला आवडते ती तिची रचना. पहिला अर्धा तास पोलिसांचा, दुसरा सरकारी वकिलांचा. आमच्या धंद्यात दोष बहुधा दोन विभागांच्या सांध्यात सापडतो; इथेही तसंच. पोलिसांनी घाईघाईत केलेली झडती पुढे कोर्टात अंगाशी येते, न्यायाधीश पुरावा बाद करतात, आणि जॅक मॅकॉय कपाळाला हात लावतो.

नेमकं इथेच आपल्या मंडळींचं डोकं फिरतं. “रक्ताळलेला सुरा सापडलाय, आणि म्हणे तो दाखवायचा नाही! हा कसला न्याय?” १९६१ च्या ‘मॅप विरुद्ध ओहायो’ खटल्यापासून हा नियम सगळ्या राज्यांना लागू आहे : बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा सरकारला वापरता येत नाही. अपवाद आहेत, पण मूळ तत्त्व हे.

या वादात आमच्या एका मैत्रिणीच्या वडिलांनी फार मार्मिक मुद्दा काढला. ते जिल्हा न्यायालयात नाझर होते. ते म्हणाले, “अहो, आपल्याकडे उलटं आहे. झडती चुकीची झाली तरी सापडलेली वस्तू बहुधा पुराव्यात येते. पण पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब? तो चालतच नाही! आणि इथे तर बघावं तेव्हा पोलीस आरोपीला खोलीत बसवून कबूल करून घेतात आणि केस तिथेच अर्धी जिंकतात.” अगदी खरं आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यातलं २५ वं कलम हेच सांगत होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ती तरतूद कायम आहे. म्हणजे दोन्ही देशांचा पोलिसांवर पुरता विश्वास नाही. फक्त तो अविश्वास वेगवेगळ्या जागी आहे.

आणि मग मालिकेतली ती चौकशीची खोली आपण नव्या नजरेने बघायला लागतो. तिथे आरोपीने “मला वकील हवा” म्हटलं की पोलीस एकमेकांकडे बघतात आणि आपण सोफ्यावरून म्हणतो, “चोराच्या मनात चांदणं!” माझ्या मते मालिकेने आपल्याला लावलेली ही सगळ्यात वाईट सवय. एप्रिल १९८९ मध्ये सेंट्रल पार्कमध्ये एका तरुणीवर भयंकर हल्ला झाला. १४ ते १६ वर्षांची पाच मुलं पकडली गेली. त्यांतल्या चौघांचे कबुलीजबाब व्हिडिओवर होते. मालिका सुरू झाली त्याच वर्षी, १९९० मध्ये, त्याच मॅनहॅटनमध्ये पाचही जण दोषी ठरले. २००२ मध्ये खऱ्या गुन्हेगाराने कबुली दिली, त्याचा डीएनए जुळला आणि या पाचांची शिक्षा रद्द झाली. २०१४ साली शहराने त्यांना सुमारे ४ कोटी १० लाख डॉलर भरपाई दिली. पण गेलेली वर्षं कोण परत देणार? पुन्हा, चौकशीत पोलिसांनी खोटं सांगणं इथे बहुतेक ठिकाणी कायद्याला चालतं, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत असतं? “आपण काही केलं नाही ना, मग सगळं खरं सांगून टाक,” ही आपली शिकवण घरात उत्तम आहे, त्या खोलीत नाही.

दुसरी गोष्ट डीलची. मॅकॉय टेबलावर कागद सरकवतो, समोरचा सही करतो, भाग संपतो. हे मात्र मालिकेने खरं दाखवलं आहे. सुप्रीम कोर्टानेच २०१२ च्या एका निकालात नोंदवलंय की राज्यांच्या कोर्टांत ९४ टक्के आणि फेडरल कोर्टांत ९७ टक्के दोषसिद्धी गुन्हा कबूल केल्यामुळे होतात. ज्युरीसमोरची ती तडफदार भाषणं म्हणजे अपवादच म्हणायचे.

पण आपल्यासारख्या परदेशातून आलेल्यांसाठी गोष्ट सहीपाशी संपत नाही, तिथे सुरू होते. होझे पडिया नावाचे गृहस्थ चाळीसहून अधिक वर्षं इथले ग्रीनकार्डधारक, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या सैन्यात काम केलेले. केंटकीत गांजाच्या वाहतुकीच्या प्रकरणात त्यांनी गुन्हा कबूल केला, कारण इतकी वर्षं इथे असल्यामुळे काळजी नको, असं वकिलाने सांगितलं होतं. त्या कबुलीमुळे त्यांच्यावर हद्दपारीची वेळ आली. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की अशा कबुलीचा देशातल्या मुक्कामावर काय परिणाम होईल हे आरोपीला सांगणं ही वकिलाची जबाबदारीच आहे. तेव्हा एच-वनवर किंवा ग्रीनकार्डवर असलेल्या माणसाला कुणी “छोटीशी डील आहे, घेऊन टाक, घरी जा” म्हणालं, तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय ‘घर’ म्हणजे नक्की कुठलं, हे सांगता येत नाही!

शेवटचा मुद्दा ज्युरीचा. आपल्यापैकी बरेच जण नागरिक झाले, आणि पाठोपाठ ज्युरी ड्यूटीचं पत्रही आलं. मग ते कसं टाळायचं याच्या युक्त्या आपण एकमेकांना सांगतो. गंमत बघा, मुंबईला ज्युरीची आठवण म्हणजे १९५९ चा नानावटी खटला. नऊपैकी आठ ज्युरर नानावटींना निर्दोष म्हणाले, उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून जन्मठेप दिली, आणि पुढे भारतातून ज्युरी पद्धतच गेली. इथे ती आहे, आणि २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कुठल्याही राज्यात गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायला सगळ्या ज्युररचं एकमत लागतं. म्हणजे तिथे बसलेल्या एकट्या मराठी माणसाची शंकासुद्धा दुसऱ्याचं आयुष्य वाचवू शकते. एरवी आपल्याला शंका काढायला कुणी शिकवावं लागत नाही! मग नेमक्या तिथूनच पळ का काढायचा?

तेव्हा मालिका जरूर बघा, सगळ्यांनी मिळून बघा, भांडा. फक्त गाडी चालवायला लागलेल्या मुला-मुलींना जाहिरातींच्या वेळात एवढं सांगून ठेवा : पोलिसांशी नम्रपणे बोल, नाव सांग, खोटं बोलू नकोस. पण चौकशीला बसवलं तर “मला गप्प राहायचं आहे आणि वकील हवा आहे” हे स्पष्ट शब्दांत म्हण. नुसतं गप्प बसणं पुरत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१० सालीच सांगितलंय. मी वकील नव्हे, साधा इंजिनिअर. पण मशीन चालवायच्या आधी ते बंद करायचं बटण कुठे आहे हे दाखवायची आमच्याकडे पद्धत आहे.

तुमच्या घरातले निकाल काय लागतात, तेही जरूर कळवा.