मॅराथॉन शर्यतीचा आहार व सराव

मॅराथॉन शर्यतीचा आहार व सराव : मॅराथॉन ही ४२.१९५ किमी. अंतराची, रस्त्यावरून धावण्याची शर्यत होय. १८९६ साली अथेन्स येथील पहिल्या आधुनिक ऑलिंपिक सामन्यांत तिचा समावेश झाला. तिचे सध्याचे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावले गेले व १९२१ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झाले. या शर्यतीत पायांच्या वेगाइतकेच शरीरातील इंधन, पाणी व उष्णता यांचा समतोल टिकविणे महत्त्वाचे असते. हा समतोल सराव व योग्य आहार यांनी साधावा लागतो. तो बिघडल्यास धावपटूच्या जिवावर बेतू शकते.

प्रारंभीच्या काळात याविषयी शास्त्रीय ज्ञान फारसे नव्हते. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये ही शर्यत कडक उन्हात, धुळीच्या रस्त्यावर झाली आणि वाटेत पाण्याची सोय मुद्दाम अपुरी ठेवण्यात आली. ३२ स्पर्धकांपैकी केवळ १४ जणांनी ती पूर्ण केली. विजेता टॉमस हिक्स याला त्याचे साहाय्यक वाटेत ब्रँडी व अल्प प्रमाणात स्ट्रिक्नीन हे विष देत होते. १९१२ मध्ये स्टॉकहोम येथे पोर्तुगालचा फ्रांसिस्को लाझारो हा धावताना कोसळला व दुसऱ्या दिवशी मरण पावला. बॉस्टनच्या १९२४ मधील शर्यतीनंतर काही धावपटूंच्या रक्तातील साखर बरीच घटल्याचे डॉक्टरांना आढळले. पुढील वर्षी त्यांना वाटेत गोड पदार्थ दिल्यावर ही घट टळली.

इंधन : स्नायू व यकृत यांत ग्लायकोजेनाच्या रूपाने साठलेली कार्बोहायड्रेटे हे वेगाने धावताना लागणारे मुख्य इंधन होय. हा साठा सामान्यतः सु. ५०० ग्रॅ. असून त्यापासून सु. २,००० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. धावताना शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे दर किमी.ला सु. १ किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ६० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीस या शर्यतीसाठी सु. २,५०० किलोकॅलरी लागतात. उरलेली गरज वसेपासून भागते. परंतु वसेच्या ज्वलनास तेवढ्याच ऊर्जेसाठी अधिक ऑक्सिजन लागतो. म्हणून आरंभी अतिवेगाने धावून ग्लायकोजेन संपविणाऱ्याची गती बहुधा ३० किमी.च्या सुमारास एकाएकी मंदावते.

सराव : नियमित सरावाने हृदयाची कार्यक्षमता वाढते, स्नायूंतील केशवाहिन्या व कलकणू यांची संख्या वाढते आणि वसेचा वापर अधिक प्रमाणात होऊ लागतो. हे बदल काही आठवड्यांत दिसतात. हाडे व कंडरा मात्र सावकाश बळकट होतात. दम वाढला म्हणून अंतर घाईने वाढविल्यास नडगीच्या वा पावलाच्या हाडास तडा जाण्याचा संभव असतो. ज्यांना धावण्याची सवय आहे त्यांनाही सु. ४ महिन्यांची तयारी हितावह असते. आठवड्यातील बहुतेक धावणे सहज बोलता येईल इतक्या संथ गतीने करावे. एक दिवस लांब पल्ला ठेवून तो क्रमाक्रमाने सु. ३० किमी.पर्यंत न्यावा. विश्रांतीचा दिवस हा सरावाचाच भाग होय. अखेरच्या दोन-तीन आठवड्यांत धावण्याचे प्रमाण घटवितात.

आहार : सरावाच्या काळात खर्चाइतके अन्न घेणे ही पहिली गरज असते. वजन घटविण्याच्या हेतूने दीर्घकाळ कमी खाल्ल्यास हाडे कमकुवत होतात व स्त्रियांची मासिक पाळी अनियमित होते. दर किग्रॅ. वजनामागे रोज सु. १.२ ते १.६ ग्रॅ. प्रथिने पुरेशी होतात. डाळी, उसळी, दूध, अंडी व मासे यांतून ती मिळतात. लोहाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. स्वीडनमधील बर्गस्ट्रम व हल्टमन यांनी १९६० नंतरच्या दशकात स्नायूंचे सूक्ष्म तुकडे तपासून, कार्बोहायड्रेटयुक्त आहाराने ग्लायकोजेनाचा साठा वाढतो, हे दाखविले. त्यानुसार शर्यतीपूर्वीचे दोन दिवस भात, बटाटे, केळी यांसारखे पदार्थ अधिक व तंतुमय, तेलकट पदार्थ कमी घेतात. धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅ. साखर पेयातून वा फळांतून घेतल्यास उपयोग होतो. शर्यतीच्या दिवशी कोणताही नवा पदार्थ खाऊ नये. सर्व काही सरावात आजमावलेले असावे.

पाणी व उष्णता : पाण्याची टंचाई जशी घातक, तसा त्याचा अतिरेकही घातक असतो. घामाने गेल्यापेक्षा अधिक पाणी प्याल्यास रक्तातील सोडियमाचे प्रमाण घटते. मेंदूला सूज येऊन मृत्यूही ओढवतो. २००२ च्या बॉस्टन मॅराथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के व्यक्तींत सोडियम कमी आढळले. म्हणून तहानेप्रमाणे पिणे हा सर्वसाधारण नियम मानतात. दमट हवेत घाम वाळत नाही व शरीर तापते. त्यामुळेच मुंबईत २००४ पासून भरणारी मॅराथॉन जानेवारीत ठेवलेली असून ती पहाटे सुरू होते. चक्कर, गोंधळलेपणा किंवा छातीत दुखणे ही लक्षणे दिसताच धावणे थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. शर्यत अर्धवट सोडणे हा अशा वेळी पराभव नसून योग्य निर्णय असतो.