परसातली तंबाखू

तंबाखूचे बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार दाणे सहज मावतात. चिमटीत आलेल्या बियाण्यातून एकरभर रानाला पुरतील इतकी रोपे निघू शकतात. एवढ्याशा वस्तूवर अग्रलेख खर्ची घालण्याचे प्रयोजन काय, असे वाचकास वाटेल. प्रयोजन असे की, घरच्या घरी बी पेरून तंबाखू पिकवावी आणि दुकानदार, कंपनी व सरकारी कर या तिघांच्याही कचाट्यातून सुटावे, हा विचार अधूनमधून हौशी मंडळींत बोलला जातो व त्याला स्वावलंबनाचे सात्त्विक नावही दिले जाते. ज्यांनी ही गोष्ट हौस म्हणून नव्हे तर गरज म्हणून केली, त्यांच्याकडे पाहिल्याखेरीज या विचाराचे मोल ठरवता येणार नाही. असे लोक पाहायचे तर आदिलाबादकडे वळावे लागते.

आदिलाबाद हे नाव विजापूरच्या आदिलशाहीवरून पडले असे सांगतात. जुन्या बोलण्यात ते एदलाबाद होते. ज्या आदिलशाहीच्या हातून १५१० साली गोवे निसटले, तिचेच नाव पैनगंगेपलीकडच्या एका रानटापूला मिळावे आणि तंबाखूचा इतिहासही याच दोन ठिकाणांमधून वाहत जावा, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. अमेरिकेतील हे झुडूप पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यास लागले, तेथून विजापुरास गेले, आणि अकबराचा दूत असदबेग १६०४-०५ च्या सुमारास विजापूरहून परतताना ते आग्र्याच्या दरबारात घेऊन गेला. अकबराने नळीचे दोन झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली, आणि दरबारी मंडळींनी हकिमाकडे दुर्लक्ष केले. जहांगिराने १६१७ साली तंबाखूवर बंदी घातली. तिचे काय झाले हे आजच्या प्रत्येक पानपट्टीवर दिसते.

त्या काळी अर्थातच आदिलाबादचा डोंगर दरबारापासून फार दूर होता. तेथील गोंड व कोलाम वस्त्यांतून घराभोवती काटेरी कुंपण घालून केलेल्या परसबागेत मका, वाल, मिरची यांच्या जोडीस तंबाखूची चार रोपे लावण्याची रीत रुजली. व्हेरिअर एल्विन यांनी मध्य भारतातील आदिवासींकडून गोळा केलेल्या उत्पत्तिकथांत एक कथा अशी आहे की, जिच्याशी कोणीही लग्न करीना अशी एक मुलगी मेली आणि तंबाखूचे झाड होऊन उगवली. तेव्हापासून तिच्यावाचून कोणाचे चालेना. परदेशातून आलेल्या वनस्पतीला इतक्या सहजतेने आपल्या घरची लेक करून घेणारी माणसे ही. पाहुणा आला की पाण्यानंतर तंबाखू पुढे करणे हा त्यांचा शिष्टाचार होय.

या परसातल्या पिकाला कष्ट किती लागतात, हे शहरातील हौशी मंडळींनी नीट समजून घ्यावे. बी राखेत किंवा बारीक वाळूत मिसळून वाफ्यावर फेकावे लागते, नाहीतर ते एकाच जागी गोळा होऊन पडते. ते मातीने झाकायचे नाही; उगवायला त्याला उजेड लागतो. वाफ्यावर गवताचे पातळ आच्छादन घालून पाणी असे शिंपडायचे की थेंबाच्या माराने बी वाहून जाऊ नये. आठवडा-पंधरवड्यात कोंब दिसतो. वाफ्यात पाणी साचले की रोपांच्या माना जमिनीलगत कुजून ती लोळतात. जगलेली रोपे वीतभर होण्यास सहा-सात आठवडे जातात, मग ती उपटून लावायची. पाऊस सरता सरता हे काम झाले तर पीक साधते. पुढे पाने खाणारी अळी येते. मुळांवर बंबाखू नावाची परोपजीवी वनस्पती वाढते. तिला स्वतःचे हिरवे पान नाही, ती तंबाखूच्याच रसावर जगते. (तंबाखूलाही व्यसन लावणारा कोणी भेटतो, हे पाहून किंचित समाधान वाटते!) कळी दिसताच शेंडा खुडावा लागतो आणि बगलेतून फुटणारी पिले दर आठ-दहा दिवसांनी काढावी लागतात. शेंडा खुडण्याने पाने जाड होतात आणि त्यांतील निकोटीनही वाढते, कारण ते तयार होते मुळात व तेथून पानात चढते. पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी तेवढे एखादे झाड फुलू द्यायचे. एका झाडाच्या बोंडांत लाखभर बी सहज निघते.

एवढे करून पान हाती आले तरी ते हिरवे पान म्हणजे तंबाखू नव्हे. सावलीत टांगून किंवा उन्हात पसरून ते सुकवायचे, मग जुड्या बांधून रचून ठेवायचे, आत ऊब धरते का पाहायचे, वरच्या जुड्या खाली व खालच्या वर करायच्या. फार सुकली तर चुरा होतो, दमट राहिली तर बुरशी येते. पेरणीपासून पहिल्या चिलमीपर्यंत सहा महिने तरी जातात आणि चार-दहा झाडांतून निघणारी तंबाखू वर्षभर जपून वापरावी लागते. झाड आणि कष्ट हीच या व्यसनाची मर्यादा होती, हे आम्हांला या साऱ्या प्रकारात सर्वांत महत्त्वाचे वाटते. परसातल्या तंबाखूला ऋतू होता. पुडीतल्या तंबाखूला तो नाही. दुकान बाराही महिने उघडे असते, आणि पैनगंगा-प्राणहितेच्या अलीकडे, चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांतून, सुपारी, तंबाखू व चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून केलेला खर्रा शाळकरी पोरांच्या खिशापर्यंत जाऊन पोहोचला आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण ज्याची पुडी जागच्या जागी घोटून मिळते त्याला छापील वेष्टणाची गरजच उरत नाही. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ ही चळवळ गावोगाव जाऊन दारू व तंबाखूविरुद्ध काम करीत आहे, ते या कारणाने.

मात्र येथेच एक भाबडा समज खोडून काढला पाहिजे. घरची तंबाखू रसायनांवाचून पिकवलेली, म्हणून ती निरुपद्रवी, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. हा शुद्ध भ्रम आहे. निकोटीन हे कारखान्यात घातलेले द्रव्य नव्हे, ते झाडाचे स्वतःचे विष आहे. कर्करोगास कारण होणारी नायट्रोसमाइने ही प्रामुख्याने पान सुकवताना व मुरवताना तयार होतात. ते काम कारखान्यात झाले काय आणि गोंडाच्या पडवीत झाले काय, तोंडाच्या आतल्या कातडीला त्यातला भेद कळत नाही. चुना लावला की निकोटीन मोकळे होऊन अधिक वेगाने रक्तात उतरते, हेही घरच्या-दारच्या दोन्ही तंबाखूंना सारखेच लागू. आमच्या कोकणपट्टीत व देशावर कित्येक स्त्रिया तंबाखू तव्यावर भाजून मशेरी करतात आणि तिने दात घासतात. तीही घरचीच असते. इतकेच नव्हे, तर दवाने ओली झालेली पाने खुडणाऱ्याच्या कातडीतून निकोटीन शरीरात शिरते आणि मळमळ, ओकारी, घेरी सुरू होते. पानाचा एक तुकडाही तोंडात न टाकता तंबाखूची बाधा होते ती अशी. परसबागेत मुले हाताशी असतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

आता सरकारचा विचार. घरी मीठ करणे हा गुन्हा ठरवणाऱ्या सत्तेविरुद्ध १९३० साली या देशाने लढा दिला, त्याच धर्तीवर घरच्या तंबाखूचे समर्थन करणारे वकीलही निघतात. ही तुलना टिकत नाही. मीठ गरिबाच्या भाकरीबरोबर लागते. तंबाखूच्या बाबतीत खरा प्रश्न आहे तो राज्यसत्तेला तिची लागलेली चटक हा. पोर्तुगीज अमलात ब्राझीलच्या बाईआ प्रांतातून तंबाखू गोव्यात येई, तिचा राजमक्ता असे आणि राज्याच्या खजिन्यात त्या मक्त्याचे स्थान मोठे होते. इंग्रजांनी १९४३ साली, महायुद्धाच्या खर्चाच्या ओढीत, तंबाखूवर अबकारी बसवली. कच्च्या पानावरची अबकारी उठायला १९७९ साल उजाडले. निजामाच्या राज्यातील अबकारीचे उत्पन्न तोडण्यासाठी १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडे तोडली, हे मराठवाड्यातील वाचकांना सांगावयास नको. त्या वेळी आदिलाबादेत असलेले किनवट व राजुरा हे तालुके १९५६ च्या पुनर्रचनेत तेथून निघाले आणि आज महाराष्ट्रात आहेत. खुद्द आदिलाबादचे २०१६ साली चार जिल्हे झाले. सीमा बदलल्या, व्यसनातून महसूल काढण्याची रीत बदलली नाही.

परसात देशी तंबाखू लावणाऱ्याला अडवण्याची भाषा कोणी करीत असेल तर आमचा तिला विरोध राहील. १९७५ च्या तंबाखू मंडळ कायद्यातील नोंदणीची अट ही व्हर्जिनिया तंबाखू पिकवणाऱ्यास आहे. परसातली चार देशी झाडे त्या कायद्याने डोळ्यासमोर धरलेलीच नाहीत. जो आपल्या कष्टाने थोडी पिकवतो त्याच्यामागे शिपाई लावण्याने काही साधणार नाही. त्याला विष काय आहे ते त्याच्या भाषेत समजावून सांगावे. गोंडी व कोलामी बोलणाऱ्या वस्तीला तेलुगू व इंग्रजी इशाऱ्याचा उपयोग किती?

खरा प्रश्न बिडीचा आहे, आणि तो आदिलाबादच्या रानातूनच सुरू होतो. उन्हाळ्यात तेथील आदिवासी तेंदूची पाने तोडून पन्नास-पन्नास पानांचे पुडे बांधतात; ती चार पैशांची मजुरी पावसाळ्याच्या तोंडाशी घरात बी-भरणासाठी लागते. खाली निर्मल व निजामाबादकडे हजारो स्त्रिया मांडीवर सूप घेऊन, त्या पानांत गुजरातहून किंवा निपाणीकडून आलेली तंबाखू भरून बिड्या वळतात. दिवसभर तंबाखूची धूळ श्वासात जाते, मान व बोटे धरतात. तेलंगण सरकारने २०१५ पासून त्यांना महिना हजार रुपये निवृत्तिवेतन सुरू केले आणि २०१९ मध्ये ते २०१६ रुपये केले, हे चांगले झाले. पण केंद्राने काय केले? बिडी कामगारांच्या कल्याणासाठी १९७६ च्या कायद्याने बिडीवर एक उपकर होता. त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या व घरबांधणीची मदत चाले. वस्तू व सेवा कर आला तेव्हा, २०१७ साली, तो उपकर रद्द झाला. मग सप्टेंबर २०२५ मध्ये कर परिषदेने बिडीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणि तेंदूपानावरचा १८ वरून ५ वर आणण्याचे ठरवले, आणि त्याच बैठकीत सिगारेट व इतर तंबाखूवर मात्र ४० टक्के! तेंदूपान तोडणाऱ्याचा भार हलका झाला तर आम्हांला आनंदच आहे. परंतु बिडी ओढणाऱ्या गरिबाची फुप्फुसे सिगारेटवाल्याच्या फुप्फुसांपेक्षा कणखर असतात असे कोणत्या वैद्याने सांगितले? कर घटवल्याने वळणारीची मजुरी वाढेल याची हमी परिषदेने कोठेही दिलेली नाही.

गोव्यापुरते बोलायचे तर २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत येथील प्रौढांपैकी ९.७ टक्के लोक तंबाखूचे सेवन करणारे आढळले. महाराष्ट्रात हेच प्रमाण २६.६, तेलंगणात १७.८ आणि साऱ्या देशात २८.६ टक्के होते. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान व थुंकणे यांविरुद्धचा कायदा आपण १९९७ साली केला आणि २००५ साली गुटखा बंद केला. त्यात समाधान मानून स्वस्थ बसावे असे चित्र नाही, तथापि कायदा नि लोकमत एकत्र आले तर फरक पडतो इतके यातून निश्चित दिसते.

तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारावर भारताने २००४ साली मान्यतेची मोहोर उठवली. त्याच्या १७ व्या कलमात तंबाखू पिकवणाऱ्यांना व त्या धंद्यातील कामगारांना दुसरे उपजीविकेचे साधन मिळवून देण्याचे कलमी आश्वासन आहे. निर्मलच्या स्त्रीने बिडीचे सूप खाली ठेवले तर तिच्या हाती दुसरे काय द्यायचे, आणि त्यासाठी तंबाखूच्या करातला किती हिस्सा वेगळा काढायचा, याचा आकडा येत्या अंदाजपत्रकात अर्थमंत्र्यांनी स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावा. २०१७ साली बुडालेल्या उपकराइतकी रक्कम तरी त्या शीर्षाखाली पहिल्या वर्षीच जमा झाली पाहिजे.