मांजरसुंबा ते दिल्ली : अंतर व प्रवासकाल

मांजरसुंबा हे महाराष्ट्राच्या बीड जिल्ह्यातील गाव असून ते बीड शहराच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर, बालाघाटच्या डोंगररांगेत वसले आहे. धुळे–सोलापूर महामार्गाला (राष्ट्रीय महामार्ग ५२, पूर्वीचा क्र. २११) पाटोदा व केज या बाजूंचे रस्ते येथे मिळतात. त्यामुळे गाव लहान असले तरी तेथील चौक सर्वपरिचित आहे. मन्मथस्वामींची समाधी असलेले कपिलधार येथून जवळच आहे. बीड जिल्ह्यातून प्रवासी विमानसेवा नसल्याने दिल्लीस विमानाने जाणारे बहुधा छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) गाठतात. पुण्याहून उड्डाणे अधिक असली तरी ते दोनशे किलोमीटरांहून दूर आहे.

अंतर

पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेल्या दोन ठिकाणांमधील सर्वांत कमी अंतरास हवाई अंतर म्हणतात. छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ व दिल्लीचा इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यात ते सुमारे ९८० किलोमीटर भरते. मांजरसुंबा ते चिकलठाणा हे अंतर सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर आहे. प्रत्यक्ष रस्ता मात्र बीड, गेवराई, शहागड येथील गोदावरीचा पूल, पाचोड असा जात दीडशेच्या घरात पोहोचतो.

विमानप्रवासाचा कालावधी

प्रवासी जेट विमान उंचीवर ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने दिल्लीस सव्वा तास पुरावा. वेळापत्रकात मात्र पावणेदोन ते दोन तास दिलेले असतात. ‘अंतर भागिले वेग’ हे शालेय सूत्र चुकीचे नाही. वेग वाटभर सारखा राहतो, हे गृहीतक येथे लागू पडत नाही. वेळापत्रकातील काल विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर थांबेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण, उतरण आणि गर्दीच्या वेळी दिल्लीच्या आकाशात घातलेल्या घिरट्याही येतात. शिवाय ठरवून दिलेला हवाई मार्ग अगदी सरळ नसतो.

हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. हा मार्ग दक्षिणोत्तर असल्याने ते बाजूने लागतात व जाण्यायेण्याच्या वेळेत फारसा फरक पडत नाही. मुंबई–लंडन (सुमारे ७,२०० किलोमीटर) प्रवासात मात्र जाताना वारा सामान्यतः समोरून येतो, म्हणून परतीपेक्षा अधिक वेळ लागतो.

घरापासूनचा हिशेब

रस्त्याचे तीन तास, उड्डाणापूर्वीचे दोन, विमानातील दोन आणि दिल्लीत सामान घेऊन शहरात पोहोचण्याचा तास-दीड तास धरला, तर एकूण आठ तासांहून अधिक होतात. त्यांतला आकाशातील भाग जेमतेम पाव. त्याच दिवशी स्पर्धा परीक्षेची मुलाखत किंवा रुग्णालयात नेमलेली वेळ असेल, तर केवळ तिकिटावरचे दोन तास धरून आखलेला बेत सहज फसतो. सामान स्वीकारण्याची खिडकी साधारणतः उड्डाणाच्या एक तास आधी बंद होते. गळीत हंगामात महामार्गावर उसाच्या गाड्यांमुळे उशीर संभवतो, तर डिसेंबर–जानेवारीत दिल्लीतील धुक्यामुळे उड्डाणेच लांबतात. अशा वेळी आदल्या दिवशी निघणे हेच शहाणपणाचे.

रेल्वेमार्ग

अहिल्यानगरहून बीड शहरापर्यंत रेल्वेसेवा १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाली. दिल्लीसाठी मात्र छत्रपती संभाजीनगरहून मनमाडमार्गे जाणारी नांदेड–अमृतसर सचखंड एक्स्प्रेस सोयीची पडते. तिला दिल्लीपर्यंत जवळजवळ एक दिवस लागतो.