वाचलेलं लक्षात का राहत नाही? अभ्यासाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

धडा तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटू लागतं आणि विद्यार्थी समाधानाने पान उलटतो. पण ओळखीचं वाटणं वेगळं आणि आठवणं वेगळं. पेपरात प्रश्न समोर असतो, धडा नसतो. अभ्यास करताना जे सोपं जातं तेच लक्षात राहणार, असं आपण धरून चालतो. पुढचे बहुतेक गैरसमज याच समजुतीतून आलेले आहेत.

गैरसमज : जितक्या वेळा वाचावं, तितकं पक्कं होतं.

वस्तुस्थिती : अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा वाचण्याच्या चार फेऱ्या केल्या. दुसऱ्या गटाने एकच फेरी वाचली आणि पुढच्या तीन फेऱ्यांत उतारा न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्केच आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री होती ती नेमकी वाचणाऱ्या गटाला! आठवायचा प्रयत्न केल्यानेच आठवण घट्ट होते. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. त्यांत पुन्हा पुन्हा वाचणं आणि हायलायटरने ओळी रंगवणं तळाला गेलं, तर स्वतःची चाचणी घेणं आणि अंतराने उजळणी करणं वर राहिलं.

गैरसमज : एका बैठकीत धडा उरकला की सुटलो.

वस्तुस्थिती : जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष मांडले. पहिल्या पाठांतराचा फायदा तासाभरात निम्म्याहून कमी उरायचा आणि दिवसाने साधारण एक तृतीयांश. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, पुढे तो मंदावतो. म्हणून उजळणी विभागून करावी. किती अंतराने, हे परीक्षा किती लांब आहे त्यावर ठरतं. सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तेराशेहून अधिक लोकांवर केलेल्या अभ्यासानुसार परीक्षा आठवड्यावर असेल तर एक-दोन दिवसांनी आणि वर्षावर असेल तर तीनेक आठवड्यांनी केलेली उजळणी सर्वांत लाभते. मधल्या काळात थोडं विसरायला होतं. ते पुन्हा आठवताना जे कष्ट पडतात, तेच कामाला येतात.

गैरसमज : एका प्रकारची सगळी गणितं ओळीने सोडवली की तो प्रकार पक्का.

वस्तुस्थिती : रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला दिलं. एकेक प्रकार ओळीने सोडवणाऱ्यांची सरावात ८९ टक्के उत्तरं बरोबर आली आणि सरमिसळ सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तर आकडे उलटले : २० आणि ६३. ओळीने सोडवताना सूत्र कोणतं लावायचं हे आधीच ठाऊक असतं. परीक्षेत ते स्वतःला ओळखावं लागतं. पाठ्यपुस्तकातला ‘संकीर्ण प्रश्नसंग्रह’ त्यासाठीच असतो, आणि वेळ नाही म्हणून पहिल्यांदा गाळला जातो तोही तोच.

गैरसमज : स्मरणशक्ती उपजतच असते, किंवा रोज पाठांतर केलं की एकंदर वाढते.

वस्तुस्थिती : दोन्ही अर्धवट खरं. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात साधारण बुद्धीच्या एका विद्यार्थ्याने २३० तासांच्या सरावाने एका दमात ७९ अंक लक्षात ठेवले. सुरुवातीला त्याची मजल सातच्या आसपास होती. तो धावपटू होता आणि अंकांचे गट करून त्यांना शर्यतीच्या वेळांशी जोडायचा. अंकांऐवजी अक्षरं दिली तेव्हा मात्र मजल पुन्हा सहावर आली. म्हणजे वाढली ती अंकांची युक्ती. अशा युक्त्या शिकता येतात. ओळखीच्या घरातून मनाने फिरत दारात, तुळशीपाशी, झोपाळ्यावर एकेक गोष्ट ठेवत जायचं, ही त्यांतली जुनी युक्ती. २०१७ च्या एका प्रयोगात नवख्या लोकांनी चाळीस दिवस रोज अर्धा तास तिचा सराव केला. ७२ शब्दांच्या यादीतले सरासरी २६ शब्द आठवणारे ६२ पर्यंत पोचले.

गैरसमज : पाठांतर म्हणजे डोकं बाजूला ठेवणं.

वस्तुस्थिती : पाढे तोंडपाठ असले की मोठं उदाहरण सोडवताना डोकं मोकळं राहतं. वेदपाठशाळेत गुरूकडून संथा घेतलेला विद्यार्थी घनपाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा अशी पदं म्हणत पुढे सरकतो. लक्ष क्षणभर भरकटलं तर क्रम मोडतो. पण पाठांतराची हद्दही ओळखावी. ‘तानापिहिनिपाजा’ रंगांचा क्रम देतं. तांबड्या रंगाचं विचलन सर्वांत कमी का होतं, हे प्रकाश समजल्याशिवाय सांगता येत नाही.

आणखी दोन, थोडक्यात. ‘मी बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा’ अशी विभागणी करून शिकवल्याने जास्त कळतं, याला २००८ च्या सविस्तर आढाव्यात पुरेसा पुरावा सापडला नाही. आणि रात्रभर जागून केलेला अभ्यास महागात पडतो, कारण शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो.

मग करायचं काय? धडा एकदा नीट समजून वाचा. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा आणि सुटलेलं तेवढंच पुन्हा बघा. दोन दिवसांनी कोरा कागद घेऊन हेच करा, मग आठवड्याने. पहिल्या वेळी कागद अर्धा रिकामा राहील. राहू द्या, काय वाचायचं राहिलंय ते पेपरच्या आधीच कळेल.